आधी वाकते, मग मोडते

यशवंतपूर हे नाव कानावर पडले की सातारा-सांगलीकडचे एखादे गाव डोळ्यांसमोर यावे. प्रत्यक्षात ते बंगळुरूच्या वायव्येचे एक गजबजलेले उपनगर आहे. तसे मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. नाशिक-नगरकडच्या कांद्याचे ट्रक इथल्या बाजार आवारात येऊन रिकामे होतात. पुणे, मिरज, हुबळी करत बंगळुरूला येणाऱ्या काही गाड्यांचा प्रवासही याच जंक्शनवर संपतो. मुलगा किंवा मुलगी बंगळुरूला नोकरीला असल्यामुळे वर्षातून दोन वाऱ्या करणारे आईवडील लाडू-चिवड्याचे डबे सांभाळत इथेच उतरतात आणि रिक्षावाल्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत भाव ठरवू लागतात. त्या गडबडीत रुळांकडे कोण कशाला बघेल?

पण एप्रिलमधल्या भर दुपारी ते बघण्यासारखे असतात. दिसायला निपचित, चकचकीत, ऊन खात पडलेले. आत मात्र केवढा जोर कोंडलेला असतो, याची फलाटावरच्या माणसाला कल्पनाही येणार नाही.

लोखंड तापले की लांबते, हे सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. एक किलोमीटर लांबीचा रूळ तीस अंशांनी तापला, तर त्याला सुमारे पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून बरेच जास्त, लांब व्हायचे असते. पूर्वी यावर सोपा उपाय होता. रूळ तेरा-तेरा मीटरचे असत, दोन रुळांमध्ये थोडी फट ठेवून ते फिशप्लेटने जोडत. उन्हाळ्यात फट बुजायची, हिवाळ्यात उघडायची. आजीच्या मांडीवर डोके ठेवून ज्यांनी रात्रीचा प्रवास केला, त्यांना आठवणारी ती खटाक-खटाक, खटाक-खटाक लय याच फटींची. ती कानाला गोड वाटली, तरी प्रत्येक खटक्याला चाक रुळाच्या टोकावर आदळत होते. रूळ झिजत, सांधे ढिले होत, देखभालीचा खर्च वाढे. म्हणून रूळ एकमेकांना वितळजोड देऊन मैलोन्‌मैल सलग करण्याची पद्धत आली. लय गेली, प्रवास मऊ झाला.

मग ते पस्तीस सेंटिमीटर गेले कुठे? कुठेच नाही! रुळाला लांब व्हायचे आहे, पण त्याला स्लीपरनी घट्ट धरले आहे आणि स्लीपरला खडीने. लांब होता येत नाही, म्हणून रूळ आतल्या आत दाबला जातो. प्रमुख मार्गांवर जो मीटरला साठ किलो वजनाचा रूळ वापरतात, त्यात तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १.९ टन दाब साठतो. वीस अंश वाढले की एका रुळात ३८ टन, दोन्ही मिळून ७६ टन. यशवंतपूरच्या बाजारात कांद्याने भरलेले पंधरा-पंधरा टनांचे पाच ट्रक उभे आहेत असे समजा. तेवढे ओझे त्या निपचित दिसणाऱ्या रुळांना दोन्ही बाजूंनी रेटत असते.

या रेट्याने पोलाद चुरडत नाही. तेवढे ते खंबीर असते. धोका निराळाच आहे. दाब सहन होईनासा झाला की सरळसोट रूळ एकाएकी कंबरेत लचकतो आणि खडी बाजूला सारून नागमोडी वळण घेतो. इंजिनीअर याला बकलिंग म्हणतात. हे हळूहळू, सूचना देत होईलच असे नाही. सकाळी ज्या रुळावरून गाडी सुखरूप गेली, तोच दुपारी पाहता पाहता वाकडा होऊ शकतो.

उत्तर प्रदेशात लखनौजवळ निगोहान स्थानकात जून २०२३ मध्ये असाच प्रसंग आला. नीलांचल एक्सप्रेस तिथल्या बाजूच्या मार्गावरून जात असताना चालकाला हादरा जाणवला, त्याने गाडी थांबवून कळवले, आणि पाहिले तर उन्हाने रूळ वाकलेले. सुदैवाने अनर्थ टळला. दुसऱ्या दिवशी बातम्यांचे मथळे झळकले, ‘उन्हाने रूळ वितळले’! आता पोलाद वितळायला सुमारे पंधराशे अंश लागतात. तेवढे ऊन पडले, तर बातमी लिहायला कोणी उरणार नाही. रूळ वितळले नव्हते, वाकले होते. शब्द चुकला की कारण चुकते आणि कारण चुकले की उपायही चुकतो.

रेल्वेचे उपाय मात्र अचूक आहेत, आणि त्यांचा बराचसा भार माणसांच्या खांद्यावर आहे. रूळ बसवताना तो थंडीत कसाही ठोकून टाकत नाहीत. स्लीपरपासून मोकळा करून, रोलरवर ठेवून, त्या भागाच्या हवामानाला योग्य ठरवलेल्या तापमानाला तो पक्का करतात. तापमान तेवढे नसेल, तर यंत्राने ताणून तेवढी लांबी देतात. म्हणजे त्या तापमानाला रुळात ताणही नसतो आणि दाबही नसतो. सलग रुळाच्या दोन्ही टोकांना थोडी हालचाल होऊ देणारे खास सांधे असतात. टोकाजवळच्या या हलणाऱ्या भागाला रेल्वेच्या भाषेत ‘श्वास घेणारी लांबी’ म्हणतात. रुक्ष खात्याला एवढे सुंदर नाव सुचावे, याचे कौतुक करायला हवे. मधला सगळा भाग श्वास रोखून पडलेला असतो.

आणि खडी! रुळाखाली आणि बाजूला रचलेली ती दगडी खडी नुसती भर नाही. रुळाने कंबर हलवायचे म्हटले की स्लीपरच्या टोकाशी रचलेला खडीचा खांदा त्याला अडवतो. खडी उकरली, नुकतीच सैल केली, की हा आधार कमी होतो. म्हणूनच खडीखाली ठोकणीचे काम झाल्यावर काही काळ गाड्यांचा वेग कमी ठेवतात. रूळ ठराविक मर्यादेच्या वर तापला असेल तर अशी कामे करायचीच नाहीत असा नियम आहे. उन्हाळ्यात गँगमनची टोळी भल्या सकाळी कामाला लागते ती केवळ उन्हाचा त्रास टाळायला नव्हे. रूळही तेव्हाच थंड असतो.

दुपारी मात्र उलटे असते. रूळ बसवतानाच्या तापमानापेक्षा वीस अंशांनी जास्त तापला की उन्हाळी गस्त सुरू होते. हवेचा पारा चाळीसवर असतो तेव्हा उन्हातला रूळ त्याहून पंधरा-वीस अंशांनी अधिक तापलेला असतो. विदर्भात आणि खानदेशात वैशाखात काय होत असेल याचा अंदाज करा. आपण पंख्याखाली आडवे झालेले असतो, तेव्हा लाल झेंडी आणि इशाऱ्याचे रेल्वेचे फटाके घेऊन कोणीतरी त्या रुळाच्या कडेने पायी चाललेला असतो. रुळाची रेघ सरळ आहे ना, कुठे खडी सरकली नाही ना, हे डोळ्यांनी पाहत. यंत्रे कितीही आली, तरी हा चालणारा माणूस अजून रेल्वेला सोडता आलेला नाही.

रूळच कशाला, दाबाखाली असलेली कुठलीही बारीक, लांब वस्तू हेच करते. खात्री करायची तर घरातल्या खराट्याची एक लांब हीर काढा. तिची दोन टोके दोन तळव्यांमध्ये धरून हलकेच दाबा. काही क्षण ती सरळ राहील आणि मग एकदम धनुष्यासारखी बाक घेईल. एवढ्याशा जोराने ती मोडणे शक्य नाही. ती आधी वाकते. आता तीच हीर मधोमध तोडा आणि अर्धी तशीच दाबा. या वेळी बराच जास्त जोर लागेल. दुप्पट लागेल असे वाटते ना? प्रत्यक्षात चौपट लागतो.

हा चौपटीचा हिशेब सूत्रात मांडला तो स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने, १७४४ मध्ये. उतारवयात दृष्टी गेल्यावरही मनातल्या मनात गणिते करून लेखनिकाला सांगत राहिलेला हा माणूस. त्याच्या सूत्राने सांगितले की खांब किती ओझ्याला वाकेल हे त्याच्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. लांबी दुप्पट, तर ताकद पाव. लांबी तिप्पट, तर ताकद नवव्या हिश्श्यावर. त्यातली आणखी एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. बारीक, लांब खांब कधी वाकेल हे त्याचे पोलाद किती ‘मजबूत’ आहे यावर ठरत नाही. ते किती ताठ आहे यावर ठरते. आणि साधे पोलाद काय, महागातले उच्च प्रतीचे पोलाद काय, दोघांचा ताठपणा जवळपास सारखाच! म्हणजे लांबट खांब वाकू नये म्हणून भारी पोलाद आणणे हे पैसे पाण्यात घालणे आहे. त्यापेक्षा आकार बदला. तेवढेच लोखंड भरीव गजाऐवजी पोकळ नळीत घाला, तो कितीतरी जास्त ओझे पेलेल. सायकलची चौकट नळ्यांची का, याचे उत्तर इथे आहे. बांबूला ही युक्ती कोणी शिकवली कोण जाणे. पोकळ नळी करून वर जागोजागी पेरांचे पडदेही घालून ठेवले आहेत, नळी चेपू नये म्हणून.

ऑयलरचा तो पावपट-चौपटीचा हिशेब आपल्या घराशी कुठे येऊन भिडतो? स्लॅब टाकण्याच्या दिवशी.

‘स्लॅब टाकताना सेंट्रिंग कोसळले, मजूर ढिगाऱ्याखाली’ ही बातमी न वाचलेला मराठी माणूस सापडणे कठीण. बातमीच्या शेवटी निकृष्ट सिमेंटवर ठपका येतो. सिमेंट निकृष्ट असेलही, पण ओल्या स्लॅबचे ओझे त्या क्षणी सिमेंट पेलतच नसते. ते पेलतात खालच्या बल्ल्या आणि टेकू. पाच इंची स्लॅबच्या एका चौरस मीटरचे वजन तीनशे किलोंच्या वर जाते. त्यावर पाट्या वाहणारी माणसे, काँक्रीटचे ढीग, धडधडणारा व्हायब्रेटर. साधारण दहा फूट उंचीच्या खोलीत चांगली, सरळ बल्ली हे ओझे सहज झेलते. पण पुढच्या बाजूला गाडीसाठी उंच पोर्च काढलेला असतो, किंवा हौसेने दोन मजली उंचीचा दिवाणखाना. तिथे छत वीस फुटांवर. आता बल्ली वीस फुटांची, म्हणजे तिची ताकद एकदम पावपट. एवढी लांब बल्ली मिळत नाही, म्हणून दोन बल्ल्या एकीवर एक ठेवून खिळ्यांनी, तारेने जोडलेल्या. जोड म्हणजे खांबाची कंबरच मोडकी. त्यातून बल्ली मुळात वाकडी असेल, खाली नुकतीच भरलेली माती असेल, तर ऑयलरने दिलेली पावपट ताकदही उरत नाही.

एक बल्ली लचकली की तिचे ओझे शेजारणीवर पडते. ती आधीच काठावर उभी. मग तीही जाते. पाहता पाहता सगळे अंग खाली येते.

उपाय मात्र कमालीचा स्वस्त आहे. उंच बल्ल्यांना मध्यावर आडव्या वाशांनी एकमेकींशी बांधायचे, दोन्ही दिशांनी, आणि अधूनमधून तिरपे वासे मारायचे. मध्यावर बांध बसला की वीस फुटांची बल्ली दहा-दहा फुटांच्या दोन बल्ल्यांसारखी वागते. गेलेली चौपट ताकद परत येते. चार वासे, थोडे खिळे, दोन माणसांचा अर्धा दिवस. पण नुसते आडवे बांधून तिरपे मारले नाहीत, तर सगळ्या बल्ल्या हातात हात घालून एकाच बाजूला कलंडतात, आणि हे फार ठिकाणी विसरले जाते. घर बांधणाऱ्या कुटुंबाने स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी नारळ-पेढ्यांची तयारी जरूर करावी. त्याचबरोबर इंजिनीअरला घेऊन एकदा त्या बल्ल्यांच्या जंगलातून फिरून यावे. बल्ली ओळंब्यात आहे का, तळाशी फळी आहे का, उंच भागात बांध आहेत का. ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी त्या स्लॅबवर आणि स्लॅबखाली कामावर येणारी माणसे रोजंदारीवरची असतात. त्यांच्या घरी संध्याकाळी कोणीतरी वाट पाहत असते.

अडाणी ठेकेदारच चुकतात असेही नाही. कॅनडात क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर जगातल्या सगळ्यात लांब गाळ्याचा पूल बांधला जात होता. सल्लागार होते न्यूयॉर्कचे थिओडोर कूपर, त्या काळातले नावाजलेले इंजिनीअर. पुलाचे स्वतःचे वजन हिशेबात कमी धरले गेले होते. ही चूक लक्षात आली तोवर बरेचसे काम झाले होते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये कामावरच्या तरुण अभियंत्याला दिसले की खालच्या बाजूच्या, दाब सोसणाऱ्या एका अजस्र लोखंडी भागाला बाक आला आहे. काही दिवसांपूर्वी पाऊण इंच असलेला बाक आता सव्वादोन इंच झाला होता. पुलाच्या अवाढव्य आकाराच्या मानाने दोन इंच म्हणजे काय, असे कोणालाही वाटेल. तिथेही वाद झाला. काहींचे म्हणणे, तो भाग मुळातच थोडा वाकडा असेल. तो अभियंता स्वतः न्यूयॉर्कला कूपरना भेटायला गेला. कूपरनी पुलावर आणखी ओझे चढवू नका अशी तार केली, पण ती गेली पेनसिल्व्हेनियातल्या लोखंड कंपनीच्या कचेरीत. पुलावर काम चालूच राहिले. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी, दिवसाचे काम संपत आलेले असताना, पूल नदीत कोसळला. पंचाहत्तर माणसे गेली. पोलाद तुटण्याइतका दाब त्यावर नव्हता. ते भाग ज्या जाळीदार पट्ट्यांनी बांधलेले होते त्या कमकुवत होत्या, आणि बांध सुटताच भाग वाकले.

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा माणसाला शोभतो. खांबाच्या बाबतीत तो शक्य नाही. बारीक खांब आधी वाकतो, आणि बहुधा वाकतो म्हणूनच मोडतो.

पण वाकले म्हणजे संपलेच का? हा प्रश्न विमान बांधणाऱ्यांनी विचारला, आणि त्यासाठी यशवंतपूरहून फार लांब जायला नको. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर भारतीय विज्ञान संस्थेचे सुमारे चारशे एकरांचे झाडीने भरलेले आवार लागते. १९०९ मध्ये जमशेटजी टाटांच्या दानातून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभी राहिलेली ही संस्था. जुने बंगळुरूकर तिला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. इथला विमानशास्त्र विभाग १९४२ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या पायाभरणीत एका मराठी माणसाचा मोठा हात होता. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ मध्ये जन्मलेले घाटगे जर्मनीत गटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकून डॉक्टर झाले. परत आल्यावर बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात रुजू झाले आणि भारतात आरेखन होऊन भारतातच बांधलेले ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा आकाशात गेले. पुढे त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. आज महाराष्ट्रात किती जणांना हे नाव माहीत आहे, हा जरा अवघड प्रश्न आहे.

विमानाचे दुखणे असे की ते हलके हवे आणि भक्कमही हवे. त्याची अॅल्युमिनियमची कातडी मिलिमीटरभर जाड, कधी त्याहूनही पातळ. असा पत्रा दाबला की सुरकुतणारच. सुरकुतू नये इतका जाड करावा, तर विमान उडणार नाही. घाटगे यांचे गुरू प्रांटल हे वाऱ्याच्या प्रवाहाच्या शास्त्रासाठी जगप्रसिद्ध. पण त्यांचा स्वतःचा १८९९ चा प्रबंध होता तुळया ओझ्याखाली आडव्या लचकतात कशा यावर! त्यांचाच आधीचा विद्यार्थी थिओडोर फॉन कारमान यानेही डॉक्टरकीसाठी खांबांचे बकलिंग हाच विषय घेतला होता. याच कारमानने १९३२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिले की पातळ पत्रा मध्यावर सुरकुतला तरी कडेच्या पट्ट्या ओझे उचलत राहतात. त्या कडांना आतून बारीक कणे जोडले, की सुरकुतलेला पत्राही आणखी बरेच ओझे पेलतो. आणि ओझे उतरले की सुरकुती नाहीशी! जुन्या पद्धतीच्या धातूच्या पंखावर उडताना कधी कधी अशा लाटा उठलेल्या दिसतात. खिडकीतल्या प्रवाशाचा जीव वरखाली होतो, पण पंख आपले काम ठरल्याप्रमाणे करत असतो.

म्हणजे वाकणे हा दोष नसून एक ठरवून दिलेले काम होऊ शकते. हे विमानवाल्यांनाच ठाऊक होते असे मात्र नाही. मुलींच्या केसांना लावायची टिकटिक पिन आठवते? तिच्या पत्र्याला मुद्दाम बाक दिलेला असतो. अंगठ्याने दाबली की सुरुवातीला ती विरोध करते, मग ‘टिक्’ करून एकदम पलीकडे पलटते आणि तिथेच राहते. दोन जागा तिच्या आवडीच्या, मधली कुठलीही तिला नको. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा तळ दाबल्यावर ‘टक्क’ वाजतो तेही हेच. एका विज्ञान संस्थेत पिनेवर संशोधन चालते म्हटले तर हसू येईल. पण इथले प्राध्यापक जी. के. अनंतसुरेश आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे अशाच गोष्टींचा अभ्यास करत आले आहेत. बिजागरी नाही, स्क्रू नाही, नुसत्या लवचिक अंगाने वाकून काम करणारी यंत्रे, आणि दोन जागांत स्थिर राहणाऱ्या कमानी. सांधाच नसला की झीज नाही, तेल घालणे नाही. अगदी बारीक उपकरणांत, जिथे बिजागरी बसवणेच अशक्य, तिथे अशा कमानी उपयोगी पडतात.

गेल्या काही वर्षांत ही कल्पना आणखी पुढे गेली आहे. रबराची एक जाड चौकोनी वडी घ्या. तिला ओळीने, सारख्या अंतरावर गोल भोके पाडा. हिशेबाने पाडली तर भोकांच्या मधे उरलेले रबर म्हणजे बारीक खांबांचे जाळेच. आता वडी वरून दाबा. थोडा वेळ भोके नुसती किंचित चेपतात. मग एका ठराविक दाबाला सगळे खांब एकदम लचकतात आणि गोल भोकांची अंडाकृती होते, एक आडवे, शेजारचे उभे, पुन्हा आडवे, पुन्हा उभे. रांगोळीचा नमुनाच जणू. हात काढला की पुन्हा गोल. मँचेस्टर आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००७ मध्ये हे दाखवले, आणि पुढे त्यातली गंमत उघड झाली. साधे रबर वरून दाबले की बाजूला फुगते. ही भोकांची वडी दाबल्यावर बाजूनेही आत जाते! रबर तेच, रसायन तेच. फक्त भोकांच्या मांडणीने स्वभाव बदलला. अशा पदार्थांना ‘मेटामटेरियल’ म्हणतात. सामान्य पदार्थात नसणारे गुण त्यांना रचनेतून मिळतात.

हॉलंडमधल्या लायडेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याच भोकांच्या रबराचे दांडे करून ऑयलरचा खेळ पुन्हा मांडला. ऑयलरचा बारीक दांडा वाकल्यावरही थोडा थोडा जास्त जोर मागत राहतो, म्हणजे आणखी वाकवायचे तर आणखी दाबावे लागते. त्यांना दिसले की दांडा लांबीच्या मानाने पुरेसा रुंद असेल, तर हे उलटते. एकदा लचकला की तो कमी जोरातही वाकत जातो, कोसळतोच म्हणा ना. साध्या रबराच्या दांड्याला त्यासाठी चांगली रुंदी लागते. भोकांची रचना नीट साधली, तर बारीक दांड्यातही तेच घडवता येते. अडीचशेहून अधिक वर्षे पाठ केलेल्या धड्यात अजून नवे सापडते हे विशेषच.

याचा उपयोग काय, असे घरोघरी विचारले जाईल, आणि ते विचारायलाच हवे. ठराविक दाबापर्यंत ताठ राहायचे आणि मग एकदम लचकून धक्का गिळायचा, हा गुण डोके वाचवायला उत्तम. अमेरिकी फुटबॉलच्या काही हेल्मेटांत २०१९ पासून नेहमीच्या फोमऐवजी अशा लवचिक खांबांच्या जाळीचे अस्तर बसवले जाऊ लागले. जाळी आपटल्यावर चेपते आणि पुन्हा पूर्ववत होते. आपल्या स्कूटरच्या हेल्मेटचे अस्तर सहसा थर्मोकोलसारखे असते. तेही धक्का गिळते, पण त्याचे बारीक कप्पे एकदा चेपले की चेपले, पुन्हा उभे राहत नाहीत. एकदा रस्त्यावर जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसले, तरी दुसऱ्या वेळेला त्याच्यात द्यायला काही उरलेले नसते. ते धाकट्याला वापरायला देऊ नये.